शुश्रूषा : ऐकण्याची इच्छा



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी वैद्यकातला विषय का घ्यावा, असे आपल्याला वाटले असेल. रोग बरा होण्यापलीकडे गेला, की औषधाइतकेच महत्त्व भाषेला येते. आणि भाषा शिकवता येते, या विश्वासावर माझे सारे आयुष्य गेले आहे.

अशा रुग्णांच्या सेवेला 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात. आपण तिला उपशामक शुश्रूषा म्हणू. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना देहाची असते तशी मनाची, संसाराची आणि श्रद्धेचीही असते, हा विचार त्यांनी रुजवला. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले, तर १९९७ साली पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र उभे राहिले.

'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. सेवा हा अर्थ त्यातून पुढे आला. माझे आजचे म्हणणे या व्युत्पत्तीतच सामावले आहे.

कल्पना करा, आपल्या उद्यमबागेतील फाउंड्रीत राबलेला एक कामगार डॉक्टरांना विचारतो, "दिवाळीपर्यंत कामावर जाईन ना?" अभिधेने पाहिले, तर हा तारखेचा प्रश्न आहे. व्यंजनेने पाहिले, तर त्यात घराचे कर्ज आहे, मुलीचे लग्न आहे आणि उरलेल्या दिवसांची भीती आहे. "काही काळजी करू नका," हे उत्तर सद्भावनेचे खरे. पण त्याने संवादाचे दार बंद होते. "दिवाळीचे काय मनात आहे?" असे विचारून डॉक्टर क्षणभर थांबले, तर ते उघडते.

दाराबाहेर नातेवाईक विनवतात, "त्यांना काही सांगू नका." या विनवणीमागे माया असते, म्हणून तिला झिडकारू नये. परंतु पुष्कळदा रुग्णाला सारे उमगलेले असते. दोन्ही बाजू एकमेकांना जपत गप्प राहतात आणि निरोपाचे शब्द राहून जातात. त्यात आपला हा सीमाभाग. रुग्ण मराठी, कानडी किंवा उर्दू बोलणारा. डॉक्टरांची भाषा निराळी. मग मुलगाच दुभाषी होतो आणि बापापर्यंत सत्य पोचू देत नाही. अशा वेळी रुग्णाची भाषा जाणणारी प्रशिक्षित परिचारिका हवी.

बेल, बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा संभाषणाच्या सहा पायऱ्या मांडल्या : निवांत जागा साधणे, रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारणे, त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते पाहणे, सोप्या शब्दांत थोडे थोडे सांगणे, त्याच्या भावनेला प्रतिसाद देणे आणि पुढची दिशा ठरवणे. सहापैकी एकच पायरी प्रत्यक्ष सांगण्याची आहे, हे लक्षात घ्यावे. "आता काही करता येणार नाही" हे वाक्य तर खोटेच असते. "रोग बरा होणार नाही, पण त्रास कमी करण्यासाठी पुष्कळ करता येईल आणि आम्ही सोबत आहोत," हे खरे.

हे नुसत्या अनुभवाने येते काय? ब्रिटनमध्ये १६० कर्करोगतज्ज्ञांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की प्रशिक्षणाने संवाद सुधारतो. केवळ वर्षे गेल्याने नाही. एकाने रुग्ण व्हावे, दुसऱ्याने डॉक्टर, आणि इतरांनी ते पाहून दोष-गुण सांगावेत, ही त्याची एक रीत. आपल्या देशातही २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याला रीतसर स्थान मिळाले आहे.

शाळेत आपण श्रवण, भाषण, वाचन, लेखन अशी चार कौशल्ये सांगतो. परीक्षा मात्र मुख्यतः लेखनाची घेतो. या बाकांवर बसलेल्यांपैकी काही जण उद्या डॉक्टर होतील, काही परिचारिका. घरच्या आजाऱ्याजवळ बसण्याची वेळ तर प्रत्येकावर येईल. त्यांना ऐकायला शिकवणे हे शाळेचेही काम आहे, एवढेच नम्रपणे सुचवतो.