निरोपाची वेळ आणि आपले कर्तव्य

(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



वार्षिक समारंभात मृत्यूविषयी बोलणे काहीसे अप्रस्तुत वाटेल. परंतु रुग्णालयात सर्वच माणसे बरी होतात असे नाही. काहीजण येथेच अखेरचा श्वास घेतात. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मध्यरात्री बसलेल्या मुलाला डॉक्टर विचारतात, ‘वडिलांना कृत्रिम श्वसनयंत्र लावायचे का?’ वडिलांची इच्छा काय होती, हे त्याला ठाऊक नसते. कारण घरात तो विषय कधी निघालेलाच नसतो. ‘हो’ म्हटले तर वडिलांचे हाल होतील ही भीती, ‘नाही’ म्हटले तर आयुष्यभराची टोचणी. आज मी बोलणार आहे ते त्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून.

‘दयामरण’ या एकाच शब्दाखाली आपण दोन भिन्न गोष्टी ठेवतो. असाध्य व्याधीने पीडित रुग्णाचे जीवन औषध देऊन संपवणे, ही एक. नेदरलँड्सने २००२ साली कठोर अटींसह त्यास कायद्याची मान्यता दिली. भारतात मात्र तो गुन्हाच आहे. बरे होण्याची आशा मावळल्यावर केवळ मरण लांबवणारे उपचार सुरू न करणे अथवा थांबवणे, ही दुसरी. पहिलीत मृत्यू आपण घडवून आणतो. दुसरीत व्याधीला तिच्या मार्गाने जाऊ देतो. ही सीमारेषा वाटते तितकी स्पष्ट नाही, कारण यंत्र बंद करणारा हातही माणसाचाच असतो, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. म्हणूनच दुसऱ्या मार्गावरही कायद्याने पहारे बसवले आहेत.

महाराष्ट्राने या प्रश्नाची दोन रूपे जवळून पाहिली. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर आचार्य विनोबा भावे यांनी पवनारच्या आश्रमात अन्न व औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. परंतु तो त्यांचा स्वतःचा होता, याविषयी शंका नव्हती.

दुसरे रूप मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांचे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि पुढील सुमारे ४२ वर्षे त्या तेथेच अंथरुणाला खिळून राहिल्या. आपली इच्छा सांगणे त्यांना शक्य नव्हते. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या यातना संपाव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी मात्र त्यांना जगू द्यावे असा आग्रह धरला. करुणा दोन्ही बाजूंना होती. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने परिचारिकांचा शब्द मानून अर्ज फेटाळला. त्याच निकालात उच्च न्यायालयाच्या अनुमतीने उपचार थांबवण्याचा मार्गही मोकळा केला. इतक्या वर्षांत अरुणाताईंच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता, याची न्यायालयाने आदराने नोंद घेतली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

विनोबा बोलू शकले, अरुणाताई बोलू शकल्या नाहीत. माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म या फरकात आहे. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला आणि शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्या वेळी घातलेल्या अटी जाचक ठरल्याने २४ जानेवारी २०२३ रोजी त्या सुलभ करण्यात आल्या. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून इच्छापत्र साक्षांकित करता येते. उपचार थांबवण्यापूर्वी तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत आणि नातलगांची संमती आवश्यक असते. दंडाधिकाऱ्यांनाही कळवावे लागते. इच्छापत्र नसले, तरी याच धर्तीची कार्यपद्धती आहे.

तरीही एक चिंता उरते. आपल्या समाजात उपचार थांबतात ते पुष्कळदा तत्त्वासाठी नव्हे, तर पैसे संपले म्हणून. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ असे लिहून देऊन कुटुंब रुग्णाला घेऊन जाते आणि तो वेदनाशामक औषधावाचून तळमळत प्राण सोडतो. याला सन्मानाचे मरण म्हणता येणार नाही. ही तर परवडत नाही म्हणून झालेली उपेक्षा. वृद्ध आईला ‘मी तुमच्यावर भार झाले’ असे वाटून तिने इच्छापत्रावर सही केली, तर ती इच्छा तिची की आपल्या दारिद्र्याची? धर्मादाय रुग्णालयाचे कर्तव्य येथेच सुरू होते. निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखून ठेवण्याचे बंधन आपल्यावर आहेच. परंतु रुग्णाने जगावे की जाऊ द्यावे या निर्णयात बिलाचा आकडा येऊ न देणे, हे त्याहून मोठे बंधन होय.

त्यासाठी विश्वस्तांना माझी विनंती आहे, की वेदना शमवणाऱ्या सेवेकडे, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरकडे, दुय्यम विभाग म्हणून पाहू नये. यंत्र थांबते तेव्हा शुश्रूषा थांबत नाही. मॉर्फिन, स्वच्छ अंथरूण, कोरड्या ओठांना पाणी, उशाशी बसलेले माणूस, हे सारे उपचारच आहेत. देणगीदारांनी नव्या यंत्राइतक्याच उत्साहाने या कामासाठीही हात सैल सोडावा. केईएमच्या परिचारिकांनी दाखवून दिले, की रोगमुक्ती अशक्य असतानाही सेवा शक्य असते.

आणि आप्तजनहो, आपल्याला एवढेच सांगणे आहे, की हा विषय घरी काढा. सारे धडधाकट असताना, रात्रीच्या जेवणानंतर, वडीलधाऱ्यांना विचारा, ‘तशी वेळ आली तर तुम्हाला काय हवे?’ त्यांना ते अशुभ वाटेल, कदाचित रागावतीलही. तरी विचारा आणि त्यांचे उत्तर लिहून ठेवा. पुढे कधी त्या बाकावर बसण्याची वेळ आलीच, तर निर्णयाचे सारे ओझे आपल्या एकट्याच्या खांद्यावर राहणार नाही. वडिलांचा शब्द सोबतीला असेल.