पाँपेईची तिजोरी आणि आपली गढी

आज आपण जुन्या श्रीमंतांच्या घरी जाणार आहोत.

पाँपेईमध्ये वेट्टी नावाच्या दोघांचं घर आहे. बहुधा गुलामगिरीतून सुटलेले, मग भरपूर पैसा कमावलेले. सुमारे वीस वर्षं बंद राहून ते २०२३ मध्ये पुन्हा खुलं झालं आणि मी जाऊन पाहून आलो. आपल्यासारख्या वाडे पाहिलेल्यांना तिथं परकं वाटत नाही. घराच्या मधोमध वर उघडं आभाळ, खाली पावसाचं पाणी साठवायला उथळ हौद. पण आपल्याकडे तिजोरी आतल्या खोलीत असते. यांनी दोन तिजोऱ्या थेट दर्शनी दालनात मांडल्यात. आल्या-गेल्याला दिसाव्यात म्हणून! नवा पैसा, दुसरं काय.

तिथल्याच दुसऱ्या एका घरात १९३८ मध्ये हस्तिदंताची, दागिन्यांनी मढलेली भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदनलाही मिळालीये. म्हणजे इसवी सन ७९ मध्ये राख पडली, त्याआधीच इकडचा माल तिकडच्या घरात पोचला होता.

मग इकडच्या पैसेवाल्यांची घरं कुठंयत?

पैसा होता, त्याचा पुरावा आपल्या पांडवलेण्यांत आहे. दहा नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख वाचा. गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ३००० कार्षापणं ठेव. २००० वर महिना शेकडा १, उरलेल्या १००० वर पाऊण. व्याज भिक्खूंसाठी. चक्क एफडी! व्याजदर सापडतो, पण त्या विणकरांच्या घराचा उंबरा काही सापडत नाही.

तो असेल तर मातीखाली. गोदाकाठची जुनी मातीची गढी, म्हणजे आपली काझीची गढी, तिथं सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये खणलं तेव्हा सातवाहन काळाचे थर लागले. खणलेला भाग थोडासाच. आणि गढी दर पावसाळ्यात ढासळतेय. वर कुटुंबं राहतात. पावसाच्या तोंडावर नोटीस येते, लोक विचारतात, जायचं कुठं? बरोबरच आहे त्यांचं. मला विचाराल तर आधी त्यांना जवळपास पक्की घरं द्यावीत, मग कडा बांधावा, मग खणावं. हा क्रम उलटा नको.

बघायला जाल तर समोरच्या काठावरून बघा, कडेखाली उभे राहू नका. आणि खापर दिसलं तर फोटो काढा, खिशात घालू नका.