हिशेब गावासमोर मांडूया
(स्वागताध्यक्षीय भाषण)



 स्वयंसेवी संस्थांचे उत्तरदायित्व आणि स्वयंनियमन हा या परिषदेचा विषय कऱ्हाकाठची कवी मोरोपंतांची बारामती आणि उजनी जलाशयाकाठचे इंदापूर यांच्या मातीला नवा नाही. हा अवर्षणाचा टापू. ‘कासा’ या चर्चप्रणीत मदतसंस्थेच्या साहाय्याने इथे कामाच्या मोबदल्यात धान्य मिळाले आणि त्यातून पाझर तलाव उभे राहिले. त्याच काळात, 1971 साली, अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने कृषी विकास प्रतिष्ठान स्थापन झाले. मदत बाहेरून आली, पण काम गावाच्या डोळ्यांसमोर होते. किती माती पडली, धान्य कोणाला मिळाले आणि पावसानंतर विहिरींना पाणी आले का, हे गावाला कोणत्याही अहवालाशिवाय कळत होते.

आज मदतीचा व्याप वाढला आणि हिशेबाची दिशा बदलली. अहवाल देणगीदाराकडे जातो. ज्यांच्या नावाने पैसा गोळा झाला, त्यांच्यापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. ही उणीव संस्थांनाही जाणवली. 2006 साली अकरा आंतरराष्ट्रीय संस्थांनी लंडनमध्ये उत्तरदायित्वाची सनद स्वीकारली. ऑक्सफॅम त्यांपैकी एक होती. तरीही हैतीत तिच्या काही कर्मचाऱ्यांनी केलेल्या लैंगिक गैरवर्तनाची 2011 मधील प्रकरणे जगासमोर आली ती 2018 साली, वृत्तपत्रांतून. सनदेवर सही होती, चौकशीही झाली होती; पण तिचे पूर्ण सत्य संस्थेच्या चार भिंतींत राहिले. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्यांच्यासाठी काम चालते त्यांना प्रश्न विचारता आला आणि उत्तर मिळवता आले, तरच स्वयंनियमन खरे.

कोणी म्हणेल, मग कायदाच पुरेसा नाही का? महाराष्ट्रात 1950 चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आहे, धर्मादाय आयुक्त आहेत, लेखापरीक्षण आहे. परकीय देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून 20 टक्क्यांवर आली. कायदा हवाच. पण तो पावती तपासतो. वाटपाच्या रांगेतून एखादी विधवा का वगळली गेली, हे पावतीत दिसत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. छोट्या संस्थेला प्रमाणपत्रे आणि सल्लागार परवडत नाहीत, हे खरे आहे. पण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत जमाखर्च लिहायला असा किती खर्च येतो? गावकऱ्यांना हिशेब कळत नाही, हा तिसरा आक्षेप तर मला मुळीच मान्य नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार ग्रामसभेलाच दिला. सरकारी पैशाचा हिशेब जी ग्रामसभा तपासू शकते, ती आपलाही तपासेल.

म्हणून या परिषदेने तीन गोष्टी ठरवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: प्रत्येक कामाचा जमाखर्च त्या गावात, त्या गावाच्या भाषेत जाहीर व्हावा; तक्रार ऐकणारी व्यक्ती संस्थेबाहेरची असावी; आणि पीडितांची ओळख जपून तक्रारींचे निकाल प्रसिद्ध व्हावेत. अशाने आपल्या चुका लोकांना दिसतील, त्यांवर टीका होईल. ती सोसूया, विश्वास त्याच वाटेने मिळतो.