बंदरावरची बदकं



मागच्या कार्तिकात आमच्या रात्रीच्या वर्गाने एक ठरवले. आठवड्यातून एक दिवस पुस्तक मिटायचे आणि सकाळी फिरायला जायचे. मिरकरवाड्याच्या बंदरावरून निघायचे, मांडवीच्या वाळूतून भाट्याच्या खाडीपर्यंत जायचे आणि उन्हे चढायच्या आत घरी यायचे. बरोबर वही आणि पेन्सिल. जे दिसेल ते लिहायचे. चुकले तरी चालेल.

दिवस चांगले होते. पाऊस सरलेला. भात कापून झालेले. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटला की अंगावर शहारा येई. समोर रत्नदुर्ग, त्याच्यावर दीपगृह, आणि खाली बंदरात होड्या लागलेल्या. मासळीच्या पाट्या उतरत होत्या. पाण्यावर आणि होड्यांच्या काठांवर पांढऱ्या पक्ष्यांचा नुसता गोंगाट चालला होता.

आमच्या वर्गात लांज्याकडच्या एक वहिनी आहेत. कामासाठी घरची मंडळी इकडे आली, म्हणून त्याही आल्या. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "अगो बाई, केवढी ही बदकं!"

पोरे हसली. वहिनी ओशाळल्या. पण आमच्याबरोबर एक म्हातारे तांडेल होते. सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते म्हणाले, "हसता कशाला? ह्यांना काय म्हणतात ते तुम्ही सांगा बघू." एकालाही सांगता आले नाही. रोज पाहतात, पण नाव ठाऊक नाही!

तर मंडळी, त्या पक्ष्याचे नाव कुरव. वहिनींची चूक तशी मोठी नव्हती. बदकाच्या बोटांना पडदा असतो, तसा कुरवाच्याही असतो. दोघेही पाण्यावर बसतात. पण चोच पाहा. बदकाची चोच चपटी, चिखलपाणी गाळून खायला सोयीची. कुरवाची चोच पुढे किंचित वाकलेली, मासा पकडायला बरी. बदकाला शांत, उथळ, गोडे पाणी आणि शेवाळ लागते. म्हणून ते बंदराच्या गोंगाटात येत नाही. कुरवाला खारे पाणी चालते. तो ते पितोसुद्धा! त्याच्या डोळ्यांच्या वर दोन गाठी असतात. त्या रक्तातले जादा मीठ काढून घेतात आणि ते पाणी नाकपुड्यांतून चोचीवर ओघळते. आपण समुद्राचे पाणी प्यायलो तर तहान वाढेल. त्याची भागते.

बंदरात कुरव तीन-चार जातींचे येतात. आम्ही एकाच जातीचा नाद धरला. हा तपकिरी डोक्याचा कुरव. चोच लाल, पाय लाल, पंखांची टोके काळी आणि त्या काळ्यात पांढरा ठिपका. एका मुलाने विचारले, "पण ह्याचं डोकं तर पांढरं आहे!" बरोबर विचारले. थंडीत डोके पांढरेच असते. कानामागे फक्त एक काळसर डाग असतो. तपकिरी रंग पुढे होळीच्या सुमारास चढतो.

हे पक्षी आपल्याकडे अंडी घालत नाहीत. लडाखमध्ये त्सो मोरीरी नावाचे सरोवर आहे. ते समुद्रापासून सुमारे ४,५०० मीटर उंच आहे. तसल्या सरोवरांकाठी, आणि पलीकडे तिबेटात, ह्यांची पिल्ले उन्हाळ्यात होतात. हिवाळ्यात तिथले पाणी गोठते. मग खायचे काय? म्हणून हे खाली किनाऱ्याला येतात. लडाख ते रत्नागिरी सरळ मोजले तरी सुमारे २,००० किलोमीटर होतील. चाचा म्हणाले, "म्हणजे हे आमच्यासारखेच. पोटामागे फिरणारे." भाट्याच्या खाडीवरून वर टेकडीकडे पाहिले की थिबा राजाचा राजवाडा आठवतो. ब्रह्मदेशच्या ह्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. तो १९१६ साली इथेच वारला. त्याला परत जाता आले नाही. कुरव मात्र दर वर्षी जातो.

एका तरुण खलाशाला हे कौतुक पटले नाही. "चोर आहेत हो. पाटीतला बांगडा उचलतात." चाचांनी त्याला विचारले, "समुद्रात तारलीचा थवा कुठं आहे हे तू कशावरून ओळखतोस?" तो म्हणाला, "आता यंत्र आहे होडीवर." चाचा म्हणाले, "आहे. पण यंत्र नव्हतं तेव्हा तुझा आजा ह्यांच्याकडेच बघून जाळं टाकायचा. पाखरं जिथं घिरट्या घालतात तिथं खाली मासा."

तिसऱ्या की चौथ्या फेरीला मांडवीच्या वाळूत एक कुरव फडफडताना दिसला. उडायला जाई आणि पडे. जवळ गेलो तर तंगुसाचा धागा एका पायाला घट्ट आवळलेला आणि पंखातून फिरलेला. पाय सुजून दुप्पट झाला होता. धागा मांसात गेला होता.

आम्ही सगळे नुसते उभे. वहिनींनी पदर खोचला, खांद्यावरचा पंचा काढून पक्ष्याच्या डोक्यावर टाकला. डोळे झाकले की पक्षी शांत होतो. घरच्या कोंबडीवरून त्यांना ते माहीत होते. दोन्ही पंख अंगालगत धरले, छाती दाबली नाही. चाचांनी सुरी काढली. धागा ओढला नाही, ओढला तर पाय तुटला असता. एकेक फेरा कापून सोडवला. कुरवाने त्यांच्या बोटाला चांगलाच चावा घेतला. शेवटी पंचा काढला तेव्हा तो थोडा वेळ बसून राहिला आणि मग खाली खाली उडत पाण्यावर गेला. एक बोट काळे पडले होते. ते गळणार हे दिसत होते.

चाचा हातातला धागा बघत बसले. म्हणाले, "हा कुठून आला? आमच्याच होडीतून. जाळं दुरुस्त करताना तुकडा कापतो आणि देतो पाण्यात फेकून. सुताचं जाळं होतं तेव्हा ते कुजायचं. हे कुजत नाही." त्यांनी आपल्या होडीवर तुकड्यांसाठी एक गोणी बांधली. बाकीच्या बऱ्याच होड्यांवर अजून तशी गोणी नाही, हेही खरे सांगितले पाहिजे.

वहिनींना मात्र बदकं दाखवायचीच होती. मार्गशीर्षात त्या आम्हांला आपल्या माहेरच्या गावी घेऊन गेल्या. गावाबाहेर तळे आहे, कमळाच्या पानांनी भरलेले. तिथे तांबूस अंगाची लहान बदकं बसली होती. ही अडई. ती शीळ घातल्यासारखी ओरडते. दिवसा पाण्यावर पेंगते आणि रात्री भाताच्या शेतात चरायला जाते. झाडाच्या ढोलीतही अंडी घालते. बदक आणि झाडावर! आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. मग एकदम शिट्ट्या वाजल्या आणि सगळा थवा डोक्यावरून गेला. कोणी बोलले नाही.

पूर्वी ह्याच तळ्यावर बंदुका चालत, असे तिथल्या एका आजोबांनी सांगितले. आता रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे. वन्यजीवांच्या रक्षणाचा मूळ कायदा १९७२ चा.

आणखी एक सांगायचे राहिले. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था मुंबईला आहे. सलीम अली यांच्या पुढाकाराने तिने १९५९ साली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम सुरू केले. कड्यावर संस्थेचे नाव आणि आकडा असतो. तसा पक्षी मेलेला किंवा अडकलेला सापडला, तर तो आकडा, तारीख आणि गावाचे नाव लिहून कळवायचे. एवढ्यावरून तो कुठून आला ते समजते. आता आपल्याला आकडा वाचता येतो. मागच्या वर्षी ह्या वेळी आमच्यातल्या निम्म्यांना तो येत नव्हता.

कडेवाला पक्षी आम्हांला अजून मिळालेला नाही. पण तुटक्या बोटाचा आमचा कुरव बंदरात पुष्कळदा दिसला. धक्क्यावर लंगडत चाले. वहिनी त्याची नोंद ठेवीत. त्यांच्या वहीतली शेवटची काही पाने त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"पौष. लंगडा आला. बोट गळाले. पायाची सूज नाही."

"माघ. लंगड्याने पाटीतली तारली पळवली. चाचा काही बोलले नाहीत."

"होळी झाली. लंगड्याचे डोके तपकिरी झाले. आधी ओळखला नाही. पायावरून ओळखला."

"चैत्र. आज लंगडा नाही. बाकीचे पण थोडेच आहेत. वारा फिरला आहे."