सीट खाली होते, सायकल आखूड होत नाही



आमच्या लहानपणी पुण्यात सायकल घेताना कुणी माप विचारत नसे. घरात सायकल एकच, आणि ती वडिलांच्या उंचीची. नळीखालून पाय घालून, हाफ पेडल मारत, गुडघे फोडून घेत आम्ही शिकलो. पुढे लेडीज सायकल मिळाली, तिची सीट वर-खाली केली की काम भागत असे. सेहेचाळिसाव्या वर्षी रोड बाइक घ्यायला गेले तेव्हाही माझ्या डोक्यात हेच होतं. रोड बाइक म्हणजे ती बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल खाली वळलेली सायकल.

दुकानात ५४ मापाची एक शिल्लक होती. माझी उंची ५ फूट ३ इंच. दुकानदार म्हणाले, "ताई, सीट खाली करून देतो, फिट बसेल." सीट खाली झाली, मी पैसे दिले. पहिल्याच रविवारी कात्रजपर्यंत जाऊन आले आणि घरी चहाचा कप हातात घेतला, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. पुढच्या रविवारी मान धरली. मला वाटलं, वय झालं. वय झालं होतंच, पण दोष त्याचा नव्हता.

सीट खाली होते, पण सायकल आखूड होत नाही. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमच्या लांबीवर ठरतं. ते जास्त असलं की आपण पुढे ताणले जातो, अंगाचा भार तळहातांवर येतो, मनगटापाशी नस दाबली जाते आणि बोटांना मुंग्या येतात. हँडल धरणारा दांडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो बदलून दोन-तीन सेंटिमीटर वाचतात. मी १०० मिलिमीटरचा काढून ८० चा बसवला. जरा बरं वाटलं, इतकंच. सीट पुढे सरकवूनही पाहिली, तेव्हा हात सुटले आणि गुडघे बोलायला लागले. शेवटी सहा महिन्यांनी तोटा सोसून ती सायकल विकली आणि दोन मापं लहान घेतली.

फ्रेमवरचे ५०, ५२, ५४ हे आकडे मूळचे सेंटिमीटरचे, सीटखालच्या नळीच्या लांबीचे. वरची नळी आडवी, सरळ असे तोवर त्यांना अर्थ होता. आता ती नळी उतरती असते, त्यामुळे एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५४ शी जुळेलच असं नाही. कंपनीच्या तक्त्यात दोन आकडे पाहा : स्टॅक आणि रीच. पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात, त्या मधल्या आसापासून हँडलखालच्या नळीचं वरचं टोक किती उंच आहे, तो स्टॅक. किती पुढे आहे, तो रीच. नवशिक्याला स्टॅक जरा जास्त आणि रीच जरा कमी असलेली बरी. अशा सायकलींना दुकानात एन्ड्युरन्स म्हणतात. शर्यतीची सायकल दिसते झोकदार, पण तिच्यावर वाकायला पाठही तशी लागते.

आता सीटची उंची. हे घरी करता येतं. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, पायांमध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं वरपर्यंत दाबून धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. या मापाला ०.८८३ ने गुणा. माझं माप ७४ सेंटिमीटर, म्हणजे उत्तर ६५.३. त्याच मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण एवढं अंतर हवं. मग ताळा घ्या. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला कलू नये. चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. पुढे गुडघ्याच्या समोर दुखलं तर बहुधा सीट खाली आहे, मागे दुखलं तर वर. बदल करायचा तो चार-पाच मिलिमीटरचा, आणि दोन-तीन फेऱ्या मारून बघायचं. एका दिवसात तीनदा पाना फिरवणाऱ्याला काहीच कळत नाही.

हात लहान असतील तर ब्रेकची पकडही बघून घ्या. बहुतेक लिव्हरना ती जवळ आणण्याचा एक बारीक स्क्रू असतो, दुकानात तो कुणी आपणहून फिरवत नाही.

वजनाबद्दल मात्र फार बोललं जातं. टूर द फ्रान्समध्येसुद्धा ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही. आपली ॲल्युमिनियमची १० किलोची असेल, तर पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्याच दीड किलोच्या वर जातात. हलकेपणासाठी वाढीव पैसे मोजण्यापेक्षा गिअर बघा. पुढे ३४ दात आणि मागे ३४ दात असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो आणि सायकल जेमतेम २.१ मीटर पुढे जाते. वडिलांची ती जुनी सायकल एका फेऱ्यात पाच मीटरच्या वर जायची. घाटात ती लोक हातात धरून का नेत, ते यावरून कळेल.

टायर २८ मिलिमीटरचे घ्या, फ्रेममध्ये मावत असतील तर ३२ चे. आपल्या रस्त्यांना २३ चे टायर हा निव्वळ हट्ट आहे. या ट्यूबचा वॉल्व्ह वेगळा, बारीक असतो, पंक्चरवाल्याचा पंप त्याला थेट बसत नाही. तेव्हा घरी एक उभा पंप हवाच, आणि हवा आठवड्याला बघायची.

एक विनंती. दुकानात जाताना टेप आणि तुमच्या पायांचं माप लिहिलेला कागद बरोबर न्या, आणि आपल्या मापाची सायकल नसेल तर महिनाभर थांबा. घेतल्यावर दीड-दोनशे किलोमीटर झाले की ती पुन्हा दुकानात दाखवा. नव्या वायरी तोवर सैल पडलेल्या असतात.