गोमांसाची आयातबंदी : बोजा कोणावर?

(अभ्यासवर्गातील भाषण)



आयातीवर निर्बंध घातले की देशातील उत्पादकाचे रक्षण होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे अर्धसत्य आहे. कोणत्या उत्पादकाचे आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. युरोपीय आर्थिक समुदायाने १९७४ साली घातलेली गोमांसाची आयातबंदी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

१९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमती भडकल्या. पश्चिम युरोपात मंदी आली, मांसाची मागणी मंदावली आणि नेमकी त्याच वेळी वाढलेली जनावरे बाजारात आली. सामाईक शेती धोरणानुसार समुदायाला आधारभावाने मांस विकत घेऊन शीतगृहांत साठवावे लागत होते. साठे फुगताच जुलै १९७४ मध्ये आयात थांबवण्यात आली. ही बंदी १९७७ पर्यंत टिकली. १९७४ मध्येच जपाननेही आपली दारे लावून घेतली.

संकट नाहीसे झाले नाही. ते फक्त इतरांच्या अंगावर लोटले गेले. उरुग्वेची परकीय चलनाची मिळकत प्रामुख्याने मांस व लोकर यांवर अवलंबून होती. त्या देशाला तेल महाग घ्यावे लागले आणि मांसाची बाजारपेठ मात्र बंद झाली. ऑस्ट्रेलियात गुरांचे भाव इतके कोसळले की बाजारात नेण्याचा खर्चही निघेना. काही पशुपालकांनी जनावरे गोळ्या घालून मारली.

युरोपातील कामगाराच्या पदरी काय पडले? जगाच्या बाजारात मांस स्वस्त झाले, त्याला मात्र चढा भाव मोजावा लागला. वर साठवणुकीचा खर्च करांतून वसूल झाला. आधारभावाचा लाभ विक्रीच्या प्रमाणात मिळत असल्याने मोठ्या जमीनधारकाचा वाटा मोठा, छोट्या शेतकऱ्याचा तुटपुंजा राहिला.

तटबंदीआड उत्पादन वाढतच गेले. १९८० च्या सुमारास समुदाय आयातदाराचा निर्यातदार बनला. अनुदान देऊन विकलेले गोठवलेले मांस पश्चिम आफ्रिकेच्या किनारपट्टीवरील शहरांत पोहोचले आणि माली, बुर्किना फासो, नायजर येथील गुराख्यांची परंपरागत बाजारपेठ हिरावली गेली. शेतमालावरील निर्यात अनुदाने रद्द करण्याचा निर्णय जागतिक व्यापार संघटनेच्या नैरोबी परिषदेत व्हायला २०१५ साल उजाडले.

म्हणून आयात निर्बंध सरसकट चांगले वा वाईट ठरवता येत नाहीत. अनुदानित मालापासून आपल्या गुराख्याला वाचवण्यासाठी गरीब देशाने लावलेला कर आणि श्रीमंत राष्ट्रांनी आपली मंदी दुसऱ्यांवर ढकलण्यासाठी घातलेली बंदी यांना एकच माप लावता येणार नाही.