चळवळ : शब्द आणि आशय

(व्याख्यानाचा सारांश)



इंग्रजीतील ‘मूव्हमेंट’ या एका शब्दाचे काम मराठीत अनेक शब्दांनी वाटून घेतले आहे. ग्रहाची ती गती, सैन्याची हालचाल, लंबकाचे आंदोलन, साधुसाध्वींचा विहार. ‘चाल’ हा शब्द तर भलताच चलाख! पावलांची चाल, गीताची चाल, बुद्धिबळातील चाल, आणि शत्रूवर केली जाते तीही चालच. जैन परिभाषेत ‘गती’ म्हणजे केवळ वेग नव्हे. देव, मनुष्य, तिर्यंच व नरक या जीवाच्या चार अवस्थांनाही गतीच म्हटले आहे.

‘चळवळ’ हा शब्द ‘चळणे’ या क्रियापदाच्या कुळातील. समर्थ रामदासांच्या दासबोधातही तो आढळतो. स्वस्थ न बसणाऱ्या माणसाला ‘चळवळ्या’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि त्रासिकपणा किती, हे बोलणाराच जाणे.

‘उठाव’ या शब्दाची गंमत निराळी. इतिहासाच्या पुस्तकात १८५७ चा उठाव असतो. कापडपेठेत मात्र मालाला उठाव असतो किंवा नसतो. स्वदेशीच्या चळवळीत हे दोन अर्थ समोरासमोर आले. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे महात्मा गांधींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. खादीला उठाव आला. परंतु विदेशी कापड विकणाऱ्यांत येथील व्यापारीही होतेच. रोख मोजून गोदामात भरलेल्या गठ्ठ्यांचे करायचे काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न लहान नव्हता. होळीचे वर्णन करताना त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही.

पुढे १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापडाचा ट्रक पोलीस बंदोबस्तात निघाला. पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळ गावचे गिरणी कामगार बाबू गेनू सैद त्याच्यापुढे आडवे झाले. ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. ‘चळणे’ या क्रियापदाच्या दृष्टीने पाहिले, तर त्या दिवशी चालत होता तो ट्रक. बाबू गेनू जागचे हलले नाहीत. तरीही चळवळ म्हटले जाते ते त्यांच्या न हलण्याला, आणि कोशातील अर्थ येथे अपुरा पडतो. मुंबईतील त्या भागातील एका रस्त्याला आणि पुण्यात मंडईजवळील चौकाला त्यांचे नाव दिलेले आहे.